प्लग काढल्यावर

सोमवार, ८ सप्टेंबर

सतरावा बोर्ड परत आला. लक्षण तेच. बाकी सगळं ठणठणीत, फक्त चोवीस व्होल्टचे पाच करणारा रेग्युलेटर मेलेला.

आमचं यंत्र ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी आहे. पलंगाला एक मोटरवर हलणारा हात लावलेला असतो, त्यावर स्क्रीन. माणूस डोळ्यांनी अक्षरं निवडतो आणि यंत्र ते वाक्य मोठ्याने म्हणतं. रेग्युलेटर मेला की स्क्रीन काळा. "सतरा बोर्ड नाही, सतरा माणसं गप्प झाली आहेत," डेब्रा मीटिंगमध्ये म्हणाली. डेब्रा माझी बॉस. एरवी तिचं असं बोलणं मला नाटकी वाटतं. आज वाटलं नाही.

एप्रिलपासून हार्डवेअरची लीड मी, त्यामुळे हे माझ्याच गळ्यात. खरं तर बोर्ड गुरुदत्तकाकांनी डिझाइन केलेला आहे. चौतीस वर्षं ते हेच करतायत. पण डेब्राने त्यांना सोडून मला लीड केलं, आणि तेव्हापासून ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. ऑफिसात सगळे त्यांना ‘गुरू’ म्हणतात, मीटिंगमध्ये मीही म्हणते. बाहेर मात्र काका. अकरा वर्षांपूर्वी नागपूरहून दोन बॅगा घेऊन मी डॅलसला उतरले, तेव्हा न्यायला तेच आले होते. पहिले तीन आठवडे त्यांच्याकडेच राहिले. कांचनकाकूंनी मला जेवायला घातलं आणि काकांनी गॅरेजमध्ये बसवून सोल्डरिंग शिकवलं. कॉलेजात चार वर्षांत नीट जमलं नव्हतं ते.

आज त्यांना विचारलं, "काका, हा रेग्युलेटर कशाने जात असेल?"

म्हणाले, "बघतो. पाठव मला."

मी शुक्रवारी पाठवलं होतं. त्याआधी बुधवारीही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

तीनशे वेळा बोर्ड चालू केला, तीनशे वेळा बंद केला. एकदाही मेला नाही. कमी व्होल्टेज, जास्त व्होल्टेज, हीटरखाली ठेवून, फ्रीजरमध्ये ठेवून, सगळं झालं.

काका लॅबमध्ये येऊन पाठीमागे उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी सांगतील. बोर्डाकडे बघून म्हणाले, "कुठला गं हा?" चार वर्षं स्वतः घडवलेला बोर्ड. टोमणा होता तो. म्हणजे आता हा तुझा, माझा काय संबंध.  ते थोडा वेळ उभे राहिले आणि गेले.

संध्याकाळी पार्किंगमध्ये काकू दिसल्या, काकांना न्यायला आलेल्या. गाडी सर्व्हिसिंगला आहे म्हणाल्या. मागच्या महिन्यातही सर्व्हिसिंगलाच होती. साठी ओलांडलेल्या माणसाने नवी गाडी घ्यावी ना आता.

बुधवार, १७ सप्टेंबर

डेब्राने एक फोन माझ्याकडे वळवला. ओक्लाहोमामधल्या एका लहान गावातून, वॉल्टर नावाचे गृहस्थ. आवाजावरून सत्तरीचे असावेत. मी तयारीत होते की ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांची बायको रूथ. वर्षभर आमच्या यंत्रावर बोलत होती. शुक्रवारी सकाळी यंत्र चालू झालं नाही. आम्ही बदली यंत्र पाठवलं ते मंगळवारी पोचलं. रूथ सोमवारी गेली.

"ती शनिवार-रविवार माझ्याकडे बघून पापण्या हलवत होती," ते म्हणाले. "मी एकेक अक्षर म्हणत होतो, ए, बी, सी. पण मला तिच्यासारखं भराभर जमेना. ती दमली. मग तिने डोळे मिटून घेतले." मग म्हणाले, "तुमचं ते नवीन यंत्र इथे खोक्यात आहे. परत कुठल्या पत्त्यावर पाठवू?"

मी पत्ता सांगितला. स्पेलिंगसुद्धा सांगितलं. काय करणार होते दुसरं.

घरी सियाने विचारलं, "मम्मा, आर यू सिक?" आठ वर्षांची आहे, सगळं दिसतं तिला. माझा नवरा अनीश क्लायंटकडे शिकागोला, गुरुवारपर्यंत. 

शुक्रवार, २६ सप्टेंबर

सापडलं.

सापडलं तेही अक्कल लढवून नाही. सियाला शाळेनंतरच्या आफ्टरकेअरमधून घ्यायचं होतं, उशीर झाला होता. आज बोर्ड सुटा नव्हता, पूर्ण यंत्रात बसवलेला होता. मी यंत्राचा हात दुमडण्याचं बटण दाबलं, आणि तो दुमडून पूर्ण व्हायच्या आत घाईघाईत भिंतीतला प्लग ओढला. बारीकसा ‘टक्’ आवाज. परत लावून पाहिलं, स्क्रीन काळा.

सियाला वीस मिनिटं थांबावं लागलं. मी व्होल्टेजचा आलेख दाखवणारा स्कोप लावून दुसऱ्या यंत्रावर तेच केलं आणि स्कोपच्या पडद्यावर सगळं स्वच्छ दिसलं.

प्लग काढला की आत येणारे चोवीस व्होल्ट हळूहळू उतरायला हवेत. पण त्याच तारेवर हाताची मोटर आहे. ती चालू असेल तर उरलेलं सगळं क्षणात ओढून घेते आणि रेग्युलेटरच्या पुढच्या दाराशी शून्य होतं. मागच्या दाराशी मात्र वीज साठवणारा मोठा कपॅसिटर भरलेला. तो मुद्दाम ठेवलाय, प्लग निघाला तरी माणसाचं अर्धं वाक्य सेव्ह व्हायला दोन सेकंद मिळावेत म्हणून. मग पाच व्होल्ट मागे, शून्य पुढे, आणि करंट उलटा वाहतो, रेग्युलेटरच्या पोटातून. तो त्यासाठी बनलेलाच नाही. कधी पहिल्या झटक्यात मरतो, कधी दहाव्या.

लॅबमध्ये मी मोटर जोडतच नव्हते. तीनशे वेळा! घरोघरी मात्र रात्रीची नर्स यंत्राचा हात दुमडायला लावते आणि हातासरशी प्लगही काढते.

उपाय फुटकळ आहे. वीज आत येते तिथे, इनपुटवर, एक डायोड. करंटला आत येऊ देतो, उलटा बाहेर जाऊ देत नाही. तांदळाच्या दाण्याएवढा.

सोमवार, २९ सप्टेंबर

तो डायोड होता.

बोर्डाच्या मागच्या आवृत्तीत, रिव्हिजन बी मध्ये होता. जुन्या ड्रॉइंगमध्ये दिसतोय, डी-सात. रिव्हिजन सी मध्ये नाही. बदलांच्या यादीत एक ओळ: ‘डी-७ कशासाठी आहे माहीत नाही. अनावश्यक. काढला.’ पुढे काकांची सही.

मी त्यांची जुनी लॅब-वही काढली. २०२१ सालचं अख्खं पान याच डायोडवर. मोटर चालू असताना प्लग काढला तर काय होतं, स्कोपचं चित्र हाताने काढलेलं, बाजूला लाल शाईत ‘हा कधीही काढू नये’. आणि त्याच माणसाने तीन वर्षांनी तो काढला! स्वतःची वही एकदा उघडली असती तरी चाललं असतं. इतका निष्काळजीपणा? की त्यांचं मनच उडालंय कामावरून?

माझं डोकं भणभणतंय. सारखे वॉल्टर डोळ्यांपुढे येतात, ए, बी, सी म्हणणारे.

यादीत सहीशेजारी आणखी एक रकाना आहे, ‘तपासले’. त्याबद्दल उद्या लिहीन.

गुरुवार, २ ऑक्टोबर

आज दसरा होता हे आईचा फोन आल्यावर कळलं.

रिव्ह्यू झाला. डेब्रा, कंपनीचे दोन मालक, वकील, मी आणि काका. मी स्कोपची चित्रं दाखवली. मालकांनी विचारलं, "डायोड काढायचा निर्णय कुणाचा?"

मी म्हटलं, "गुरूचा."

एवढंच म्हटलं. स्लाइडवर तसं लिहिलंही होतं.

सगळे काकांकडे बघायला लागले. ते कागद उलटसुलट करत होते. डेब्राने हळू आवाजात विचारलं, "गुरू, का काढलास आठवतंय?" ते हसले. चक्क हसले, लहान मूल पकडलं गेल्यावर हसतं तसं. म्हणाले, "मे बी इट वॉज हॉट." खोलीत कुणीच हसलं नाही. मला इतका राग आला. एक बाई मेली आणि यांना चेष्टा सुचतेय.

तपासणी कुणी केली होती, ते कुणी विचारलं नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर

आता लिहितेच. ‘तपासले’च्या रकान्यात माझी सही आहे.

त्या दिवशी सियाच्या शाळेत कार्यक्रम होता आणि मला चारला निघायचं होतं. सत्तावीस पानं होती. मी पहिली दोन बघितली. गुरुदत्त खानोलकरांचं ड्रॉइंग, त्यात काय तपासायचं? सही केली आणि निघाले.

मालकांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी रोज स्वतःला हेच सांगते. पण माझा व्हिसा या नोकरीवर आहे. नोकरी गेली की देश सोडायला साठ दिवस, मग सियाची शाळा, हे घर, सगळं आवरायचं. हे त्या मीटिंगमध्ये माझ्या मनात आलं होतं का? आलं होतं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

रूथचा बोर्ड ओक्लाहोमाहून आमच्याकडे आला होता, तो आज उघडला. रेग्युलेटर जळलेला, पण मेमरी शाबूत. कपॅसिटरने आपलं काम केलं होतं. शेवटचं वाक्य सेव्ह झालेलं होतं, अर्धंच. गुरुवारी रात्री ती लिहीत असतानाच कुणीतरी प्लग काढला असणार.

डेब्राने वकिलाची परवानगी काढली आणि मी वॉल्टरना फोन केला. वाचून दाखवलं. तिने लिहिलं होतं, ‘आधी तू जेवून घे, मी काही इतक्यात’

"बस?" त्यांनी विचारलं.

"इथेच तुटलंय."

"ती रोज रात्री हेच म्हणायची," ते म्हणाले. "मी इतक्यात कुठे जात नाहीये, तू जेवून घे."  यंत्र का बंद पडलं ते मी सांगायला लागले, तर म्हणाले, "नको, मला ते कळणार नाही. पुढच्यांचं बंद पडू देऊ नका."

शुक्रवार, १० ऑक्टोबर

काकांचा आजचा शेवटचा दिवस होता. अर्ली रिटायरमेंट म्हणतात त्याला. केक आणला होता. काकांनी सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, मार्केटिंगच्या एका मुलाशी दोनदा केलं. माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "नाइस वर्किंग विथ यू." इंग्रजीत. माझ्याशी! बाहेरच्या माणसाशी बोलावं तसं. अकरा वर्षांनंतर. लागलं फार. पण मी तरी कुठल्या तोंडाने तक्रार करणार?

त्यांचं टेबल आवरताना ड्रॉवरमध्ये पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा निघाला. लॅबच्या दाराचा कोड. डेब्राचं आडनाव. कॉफी मशीन कुठल्या मजल्यावर. मला वाटलं, नव्या इंटर्नसाठी लिहिल्या असतील. खोक्यात घालून दिल्या.

रविवार, १९ ऑक्टोबर

दुपारी काकू एकट्या आल्या. हातात दिवाळीच्या फराळाचा डबा, दरवर्षीसारखा. मी चहा टाकायला वळले तर म्हणाल्या, "चहा नको. बस इथे."

बसले.

"तुला त्यांचा राग आला होता का गं?"

"नाही काकू."

"मग मीटिंगमध्ये सांगायच्या आधी एकदा घरी का नाही आलीस? सहा मिनिटांवर घर आहे."

मी म्हटलं, "काकू, त्यांनी काढला होता तो डायोड. एका बाईला शेवटचे तीन दिवस बोलता आलं नाही. मी काय करायला हवं होतं?"

"खरं तेच सांगायला हवं होतंस. त्याबद्दल नाही मी बोलत." त्या डब्याच्या झाकणावर बोट फिरवत राहिल्या. "मला वाटत होतं तुला माहितेय. तू रोज शेजारी बसतेस."

"काय माहितेय?"

डबा बाजूला सरकवून त्या सांगायला लागल्या.

दोन वर्षं झाली. अल्झायमर. आधी रस्ते विसरायला लागले. सेव्हन्टी-फाइव्ह हायवेवर एक्झिट चुकून एकदा थेट ओक्लाहोमाच्या हद्दीपर्यंत गेले, तेव्हापासून काकूच सोडतात-आणतात. ऑफिसात कुणाला सांगायचं नाही म्हणाले. डॉक्टरांनी काम सोडा सांगितलं होतं. मुलगा जय, बेलव्ह्यूला असतो, तोही भांडला.

"मी रोज म्हणायचे, अहो, चुकेल तुमच्या हातून काहीतरी, लोकांच्या जिवाशी खेळ आहे. तर म्हणायचे, प्रीता आहे ना. माझं प्रत्येक पान ती तपासते. चुकलं तर ती पकडेल."

मी काकूंना सहीबद्दल सांगितलं. दोन पानं बघितली होती, पंचवीस बघितली नव्हती.

 त्या उठल्या, डबा ओट्यावर ठेवला, "सियाला चकली आवडते," म्हणाल्या आणि गेल्या. दार लावायचं मला सुचलं नाही. सिया लावून आली.

मग ही वही काढून मागची पानं वाचली. गाडी सर्व्हिसिंगला. कुठला गं हा. चिठ्ठ्या. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

डेब्राला मेल केला. रिव्हिजन सी वर ‘तपासले’ची सही मी न वाचता केली होती, एवढं एका ओळीत. तिने बोलावून घेतलं. दार लावून म्हणाली, "मला माहीत होतं. यादी मीही वाचली होती."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगतेस का बघत होते."

लीडचं काम काढून घेतलंय, नोकरी राहिली. नवीन बोर्डाचं काम संपेपर्यंत तरी. अनीश म्हणाला, "हे तू दसऱ्याच्या दिवशीच सांगितलं असतंस तर?" मीही तोच विचार करतेय. काकांना तरीही जावं लागलं असतं. पण जाताना सगळ्यांच्या नजरा एकट्या त्यांच्यावर नसत्या.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

रिव्हिजन डी चे पहिले बोर्ड आले. डी-सात जागेवर. मोटर चालू ठेवून हजार वेळा प्लग काढला. प्लग काढायला यंत्र लावता आलं असतं. मी हाताने काढला, दोन दिवस. एकही मेला नाही. आनंद झाला असं लिहिता येत नाही.

काकू आणि काका महिनाअखेरीला कायमचे बेलव्ह्यूला जातायत, जयकडे. घर विकायला काढलंय. काकूंचा मेसेज आला: ‘यायचं तर ये. सकाळी बरे असतात.’

रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळी दहाला गेले. काकूंनी दार उघडलं, आत घेतलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. काका डायनिंग टेबलाशी मटार सोलत बसले होते. मला बघून तोंडभर हसले. "ये प्रीता."

माझं नाव घेतलं. रिव्हिजन सी चा कागद मी बरोबर नेला होता. सगळं सांगायचं ठरवून गेले होते. मीटिंगमध्ये तुमचं नाव घेतलं, माझं लपवलं, माफ करा.

"काका, मला काहीतरी सांगायचंय," म्हटलं आणि कागद पुढे ठेवला.

त्यांनी चष्मा लावला. हा बोर्ड त्यांना ओळखू आला नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण बोट आपोआप तारांवरून फिरायला लागलं. इनपुट, मोटर, रेग्युलेटर, मोठा कपॅसिटर. तिथे थांबलं. आणि अचानक ते पूर्वीचे काका झाले, गॅरेजमधले.

"हे बघ. मोटर चालू आहे आणि कुणी प्लग काढला. काय होईल?"

"तुम्ही सांगा."

"अगं, इनपुट बसेल खाली. हा कपॅसिटर भरलेला. सगळं उलटं येईल या बिचाऱ्यातून." रेग्युलेटरवर त्यांनी नखाने टकटक केलं. "जळेल हा. इथे डायोड नको? कुणी केलंय हे?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

मी म्हटलं, "मी केलंय, काका."

त्यांनी मान वर केली. "टेस्ट नाही केलीस?"

"नाही. पानंही नीट बघितली नाहीत."

"कुणाला काही झालं का?"

खोटं बोलवेना. रूथचं सांगितलं. वॉल्टर, ए, बी, सी, सगळं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डोळे भरून आले होते. किती तरी वेळ एक शेंग हातात धरून बसले, सोलली नाही. मी चुकले, हे यांना सांगायलाच नको होतं, असं वाटायला लागलं.

मग त्यांनी हात पुढे करून माझ्या मनगटावर ठेवला.

"रडू नकोस," म्हणाले. "त्या बाईंना विसरू नकोस कधी. पण जीव जाळत बसू नकोस. तू नवीन आहेस अजून. नवीन माणसाचं काम कुणीतरी तपासायला हवं होतं, ते तपासलं नाही कुणी. ती तुझी चूक नाही."

"काका…"

"ऐक. डेब्रा चिडेल. चिडायलाच पाहिजे. ती विचारेल, कुणी केलं. तर माझं नाव सांग. म्हणावं, गुरूने केलं. माझी इतकी वर्षं झालीत तिथे, मला काही करणार नाहीत ते. तुला व्हिसाचं असतं." दारात काकू येऊन उभ्या होत्या, पदराने हात पुसत, खूप वेळ पुसत. काकांनी पुन्हा मनगट दाबलं. "सांगशील ना? लाजू नकोस."

"सांगते, काका," मी म्हटलं.